दख्खनच्या खडकातील भूजल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विहीर खोदण्याआधी, बोअर घेतल्यानंतर आणि बोअर आटल्यावर लोक जे प्रश्न पाठवतात, ते वर्षानुवर्षे जवळपास सारखेच असतात. त्यांतील नेहमी येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे प्रामुख्याने महाराष्ट्रातील बेसॉल्ट खडकाच्या, म्हणजे ज्याला आपण काळा पाषाण म्हणतो त्या प्रदेशासाठी आहेत. गाळाचा प्रदेश, कोकण आणि गोवा यांचा विचार जेथे वेगळा करावा लागतो, तेथे तसे नोंदवले आहे. पहिले चार प्रश्न पायाभूत आहेत आणि पुढची बहुतेक उत्तरे त्यांच्यावरच उभी आहेत.

१. जमिनीखाली खरोखर नद्या वाहतात का? ‘पाण्याची शीर लागली’ म्हणतात, ती काय असते?

बेसॉल्टच्या प्रदेशात जमिनीखाली नद्या किंवा तळी नसतात. पावसाचे मुरलेले पाणी मातीतून आणि मुरुमातून खाली झिरपते आणि एका खोलीनंतर खडकातील सगळ्या मोकळ्या जागा पाण्याने भरलेल्या आढळतात. त्या भरलेल्या भागाच्या वरच्या सीमेला भूजल पातळी म्हणतात आणि ज्या खडकातून उपयोगी प्रमाणात पाणी मिळू शकते त्याला जलधर म्हणतात. विहीर खोदताना अचानक जो उमाळा लागतो, तो पाण्याने भरलेल्या भेगेचा किंवा दोन थरांमधील सांध्याचा असतो. लोक त्यालाच शीर म्हणतात. ती भेग बहुधा आजूबाजूच्या मुरुमाला जोडलेली असते आणि तेथूनच तिला पाणी मिळते. भेग किती मोठी आहे यापेक्षा तिच्यामागे पाण्याचा साठा किती आहे, यावर तो उमाळा मार्च महिन्यापर्यंत टिकेल की नाही हे ठरते. गुहांमधून वाहणारे खरे भूमिगत प्रवाह चुनखडीच्या प्रदेशात सापडतात, उदाहरणार्थ मेघालयात.

२. काळा पाषाण इतका कठीण असतो, मग त्यात पाणी कुठे राहते?

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले आणि त्यांतून दख्खनचे पठार घडले. आज हा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर उरला आहे आणि महाराष्ट्राच्या ८० टक्क्यांहून अधिक भूभागाखाली तोच आहे. हे थर एकजिनसी नसतात, ही गोष्ट पाणी शोधणाऱ्याने सर्वांत आधी लक्षात घ्यावी. लाव्हा थंड होताना त्यातील वायू वर सरकतो, म्हणून प्रत्येक थराचा वरचा भाग बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी भरलेला असतो आणि मधला भाग घट्ट कातळ असतो. वरच्या सच्छिद्र भागाला अनेक ठिकाणी मांजऱ्या म्हणतात. त्यातील पोकळ्या पुष्कळदा झिओलाइट, गारगोटी यांसारख्या खनिजांनी भरून गेलेल्या असतात, त्यामुळे नुसत्या पोकळ्या दिसल्या म्हणून पाणी मिळेल असे होत नाही. तो भाग झिजलेला किंवा भेगाळलेला असावा लागतो. घट्ट कातळात पाणी जवळजवळ नसते, मात्र त्याला उभे-आडवे सांधे असतील तर त्यांतून ते वाहू शकते. दोन थरांच्या मध्ये कधी कधी तांबड्या गेरूचा पट्टा असतो. तो चिकणमातीसारखा असल्याने पाणी खाली जाऊ देत नाही, आणि म्हणूनच डोंगरउतारावर अशा पट्ट्याच्या वरच्या अंगाला झरे फुटलेले दिसतात.

सर्वांत भरवशाचा साठा मात्र वरच्या मुरुमात आणि त्याखालच्या भेगाळ पट्ट्यात, म्हणजे साधारणपणे पहिल्या काही दशक मीटरांतच असतो. आपल्या जुन्या विहिरी ४० ते ६० फुटांवर थांबलेल्या आढळतात, त्याचे कारण हेच आहे.

३. भूजल किती वेगाने आणि कोणत्या दिशेने वाहते?

भूजल उंच पातळीकडून खालच्या पातळीकडे वाहते, आणि बेसॉल्टच्या प्रदेशात ही पातळी बहुधा जमिनीच्या चढउताराच्या मागोमाग जाते. म्हणून साधारण नियम असा की डोंगराकडून ओढ्याकडे आणि ओढ्याकडून नदीकडे. याचे गणित फ्रान्समधील अभियंता हेन्री डार्सी याने १८५६ मध्ये मांडले. दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम करताना त्याने वाळूने भरलेल्या नळकांड्यांतून पाणी सोडून पाहिले आणि असे दाखवले की वाहणारे पाणी हे पातळीच्या उताराच्या आणि प्रवाहाला मिळणाऱ्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते. उरलेला गुणक, म्हणजे पाणी किती सहज वाहू शकते याचे माप, त्या वाळूचा किंवा खडकाचा स्वतःचा असतो. जगभरातील भूजलशास्त्र आजही या नियमावर उभे आहे.

एक उदाहरण घेऊ. झिजलेल्या बेसॉल्टचा हा गुणक दिवसाला १ मीटर, पातळीचा उतार १०० मीटरला १ मीटर आणि पाणी वाहण्यास मोकळी जागा २ टक्के धरली, तर पाण्याचा प्रत्यक्ष वेग दिवसाला अर्धा मीटर, म्हणजे वर्षाला सुमारे १८० मीटर येतो. गावाच्या वरच्या अंगाला मुरवलेले पाणी एक किलोमीटरवरच्या विहिरीत पोहोचायला या हिशेबाने पाच-सहा वर्षे लागतील. पाणलोटाची कामे झाल्यावर पहिल्याच वर्षी गावातली प्रत्येक विहीर भरावी ही अपेक्षा का चुकते, ते यावरून कळावे. त्याच वेळी दाबाचा परिणाम पाण्याच्या कणापेक्षा फार लवकर पुढे जातो, त्यामुळे वरची पातळी वाढली की खालचे झरे लवकर वाढू शकतात. मोठ्या, उघड्या भेगांत पाणी खळाळून वाहू लागले की डार्सीचा नियम लागू पडत नाही; बोअरच्या अगदी जवळ, जोरदार उपसा चालू असताना असे घडते.

४. एका चांगल्या पावसाळ्यात विहीर काठोकाठ भरते आणि जानेवारी-फेब्रुवारीत तळ दिसतो. असे का?

कारण खडकाची पाणी धरून ठेवण्याची क्षमता फार कमी आहे. केंद्रीय आणि राज्य यंत्रणा भूजलाचे मूल्यमापन करताना बेसॉल्टमधून निथळून मिळणारे पाणी त्याच्या आकारमानाच्या १ ते ३ टक्केच धरतात. वाळूच्या गाळात हेच प्रमाण १२ ते २० टक्क्यांपर्यंत असते. पावसापैकी मुरणारा वाटा झिजलेल्या बेसॉल्टमध्ये सुमारे ७ टक्के आणि सच्छिद्र, सांधे असलेल्या बेसॉल्टमध्ये सुमारे १३ टक्के धरला जातो.

आता ६०० मिलिमीटर पाऊस आणि १० टक्के मुरणे असा हिशेब करू. जमिनीत ६० मिलिमीटर पाणी गेले. खडकात त्याला २ टक्केच जागा असल्याने ६० मिलिमीटर पाण्याने पातळी ३ मीटर वर येते. दिसायला हे फार मोठे भरणे वाटते, पण एका हेक्टरखाली प्रत्यक्षात साठलेले पाणी ६ लाख लिटर असते. उसाच्या पिकाला हंगामात १,५०० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागते असे मानले जाते. किमान आकडा घेतला आणि त्यातले ५०० मिलिमीटर थेट पावसातून मिळाले असे समजले, तरी उरलेल्या १,००० मिलिमीटरसाठी एक हेक्टर ऊस सुमारे १७ हेक्टरांवर मुरलेले पाणी पितो. हे १७ हेक्टर एकाच शेतकऱ्याचे नसतात. आमच्या मते महाराष्ट्रातील भूजलाच्या जवळजवळ प्रत्येक वादाचे मूळ या एका भागाकारात आहे.

याखेरीज, कोणी उपसा केला नाही तरी मुरलेले पाणी उताराने ओढ्याकडे जातच असते. हिवाळ्यात ओढे वाहताना दिसतात ते याच पाण्यावर.

५. शेजाऱ्याच्या बोअरला भरपूर पाणी आहे आणि शंभर फुटांवरचे माझे बोअर कोरडे गेले. हे कसे शक्य आहे?

बोअरचे छिद्र जेमतेम काही इंचांचे असते. त्याने उभी भेग चुकवली किंवा आडवा सांधा त्या जागी बंद असला, तर बोअर कोरडे जाते. रुंद विहीर अनेक भेगांना छेदते आणि पाणी साठवूनही ठेवते, म्हणून मुरुमाच्या भागात ती बोअरपेक्षा अधिक विश्वासू ठरते. शिवाय विहिरीच्या तळाशी चढाच्या दिशेला, म्हणजे भूजल ज्या बाजूने येते त्या बाजूला, आडवी बोअर मारता येतात.

दुसरे एक कारण डाइक हे आहे. लाव्हा ज्या फटींतून वर आला, त्या फटींत गोठलेल्या उभ्या भिंतींना डाइक म्हणतात. धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत त्यांची मैलोगणती पसरलेली रांगच आहे. डाइक घट्ट असेल तर तो भूमिगत बंधाऱ्याचे काम करतो आणि त्याच्या वरच्या अंगाला पाणी अडते, तर खालच्या अंगाला काही मीटरांवर कोरडे असते. तोच डाइक भेगाळलेला असेल तर तो स्वतःच पाणी वाहून नेतो.

६. आणखी दोनशे फूट खोल गेलो तर पाणी लागेलच ना?

लागेलच असे नाही, आणि लागले तरी ते टिकेल याची शक्यता खोलीबरोबर कमी होत जाते. वरच्या खडकाच्या वजनाने खोलवरच्या भेगा आवळलेल्या असतात आणि पावसाचे पाणी तेथवर पोहोचण्याचा मार्ग लांब व अरुंद असतो. खोलवर एखादा चांगला सांधा सापडला तर सुरुवातीला भरपूर पाणी येते, कारण अनेक वर्षांत हळूहळू साठलेले पाणी आपण एका हंगामात काढतो. ते संपल्यावर जे उरते, ते दरवर्षी तेथे झिरपणारे थोडेसे पाणी. मराठवाड्यात सातशे-आठशे फुटांची बोअर घेण्याची पाळी आली, पण त्यामुळे टंचाई मिटली नाही; एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले.

बेसॉल्टखाली पाण्याचा अथांग साठा आहे, हा समजही निराधार आहे. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर तेथे संशोधनासाठी जे खोल छिद्र घेतले, त्यात ३३८ मीटरवर बेसॉल्ट संपून त्याखाली प्राचीन स्फटिकी खडक लागला. कोयना परिसरात बेसॉल्टची जाडी १ किलोमीटरच्या आसपास आहे. खोलवर पाणी फिरते याचा पुरावा कोकणातील वज्रेश्वरी-गणेशपुरी, उन्हवरे, तुरळ येथील गरम पाण्याचे झरे देतात. मात्र ते मोठ्या भेगांवरचे अपवाद आहेत आणि त्यांवरून आपल्या शेतातील खोलीचा अंदाज बांधू नये.

खोल बोअरचा एक तोटा फारसा कोणी सांगत नाही. केसिंग, म्हणजे छिद्र ढासळू नये म्हणून घातलेला पाइप, फक्त वरच्या मुरुमापुरते टाकले जाते, त्याखालचे छिद्र उघडे असते. त्यामुळे वरच्या जलधरातील पाणी बोअरमधून खालच्या रिकाम्या भेगांत उतरू शकते, आणि पंप बंद असतानाही जवळच्या उथळ विहिरीची पातळी उतरते.

७. पाणाड्याने दाखवलेल्या जागी आमच्या गावात अनेकदा पाणी लागले आहे. मग ते शास्त्र का मानत नाहीत?

कारण यश मोजताना ‘कुठेही खोदले असते तर किती वेळा लागले असते’ हा प्रश्न विचारला जात नाही. ओढ्याकाठच्या मुरुमाच्या पट्ट्यात दहांपैकी सात-आठ ठिकाणी थोडेफार पाणी लागणारच असेल, तर नारळ उभा राहणे किंवा कडुलिंबाची फांदी झुकणे यांमुळे त्यात भर पडली का, हे वेगळे तपासावे लागते. जर्मनीत म्युनिक येथे १९८७-८८ मध्ये एका कोठाराच्या खालच्या मजल्यावर पाण्याचा नळ वेगवेगळ्या जागी सरकवून, वरच्या मजल्यावरील ४३ जणांकडून त्याची जागा ओळखून घेण्याच्या ८४३ चाचण्या झाल्या. प्रयोग करणाऱ्यांना काही जणांत ही शक्ती आहे असे वाटले, परंतु अमेरिकी शास्त्रज्ञ जिम एनराइट यांनी तेच आकडे पुन्हा तपासले तेव्हा निकाल निव्वळ योगायोगाइतकाच असल्याचे दिसले.

अनेक पाणाडे आयुष्यभर जमीन पाहत आलेले असतात. झाडोरा, उतार आणि आजूबाजूच्या विहिरी यांचे त्यांचे निरीक्षण खरे असते, आणि त्या निरीक्षणाचा आदर करावा. भूवैज्ञानिकही तेथूनच सुरुवात करतो. त्यानंतर तो विद्युत रोधकता मोजणारे यंत्र लावतो. जमिनीत वीजप्रवाह सोडून खोलीनुसार खडकाचा विरोध किती बदलतो ते हे यंत्र दाखवते; ओला मुरूम विरोध कमी करतो आणि घट्ट कातळ वाढवतो. हे यंत्र पाणी दाखवत नाही, खडकाचा फरक दाखवते, म्हणून यंत्राच्या नावावर शंभर टक्के हमी देणाऱ्यापासून सावध राहावे.

८. ‘दोन इंच पाणी लागले’ म्हणजे नेमके किती लिटर?

ड्रिलिंग करणारे हे माप बहुधा व्ही आकाराच्या खाचेतून वाहणाऱ्या पाण्याच्या उंचीवरून घेतात. ९० अंशांच्या खाचेत १ इंच म्हणजे तासाला सुमारे ५०० लिटर आणि २ इंच म्हणजे सुमारे २,९०० लिटर होतात. इंच दुप्पट झाले की पाणी साडेपाच पटींहून अधिक होते, हे लक्षात ठेवावे. काही ठिकाणी पाइपाच्या व्यासालाच इंच म्हणतात, तेव्हा आधी अर्थ विचारून घ्यावा. शिवाय हे माप बोअर घेतल्या दिवसाचे असते. खरी क्षमता कळण्यासाठी उन्हाळ्यात सलग काही तास उपसा करून पातळी किती उतरते आणि पंप बंद केल्यावर ती किती वेळात परत येते, हे पाहावे लागते.

९. शेजाऱ्याने बोअर घेतल्यावर आमची विहीर आटली. हे त्याच्यामुळेच झाले असेल का?

होऊ शकते. उपसा सुरू झाला की बोअरभोवतीची पातळी खोलगट होत जाते आणि हा खोलगट भाग दिवसेंदिवस रुंदावतो; त्याचे गणित अमेरिकेतील सी. व्ही. थाईस यांनी १९३५ मध्ये मांडले. साठवण कमी असलेल्या आपल्या खडकात तो लवकर दूरवर पसरतो. बेसॉल्टमध्ये तो गोल नसतो, भेगांच्या दिशेने लांबट होतो; त्यामुळे ५० मीटरवरची विहीर शाबूत राहून ३०० मीटरवरची आटू शकते.

खात्री करायची असेल तर सोपा मार्ग आहे. दोघांनी एक दिवस ठरवावा, आपल्या विहिरीचा उपसा आदल्या रात्रीपासून बंद ठेवावा, शेजाऱ्याचा पंप चालू करण्याआधी आणि नंतर दर अर्ध्या तासाने दोरीने पातळी मोजावी, आणि पंप बंद केल्यावरही मोजत राहावे. पंप चालू असताना उतरून बंद झाल्यावर पातळी सावरत असेल, तर संबंध आहे. तसे न होता पातळी रोज सारखीच उतरत असेल, तर कारण हंगामी उतार किंवा साऱ्या शिवाराचा एकत्रित उपसा असण्याची शक्यता अधिक. भांडण तहसील कचेरीत नेण्यापूर्वी ही मोजणी एकदा करावी, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

१०. माझ्या जमिनीखालचे पाणी माझेच ना? कायदा काय म्हणतो?

भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ नुसार निश्चित प्रवाहात न वाहणारे जमिनीखालील पाणी गोळा करून वापरण्याचा हक्क जमीनमालकाला दिला गेला, आणि हीच समजूत आजही लोकांच्या मनात आहे. महाराष्ट्राने १९९३ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या संरक्षणासाठी कायदा करून सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत विहीर घेण्यावर बंधन घातले. त्याची जागा पुढे महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ ने घेतली. तो २०१४ पासून लागू आहे. त्यात महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण हेच राज्य भूजल प्राधिकरण आहे, आणि ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरींना खोल विहीर मानून शेती व उद्योगासाठी त्या घेण्यावर निर्बंध आहेत. गोव्यात २००२ चा भूजल नियमन कायदा आहे. आपल्या गटाला नेमके कोणते बंधन लागू होते, हे बोअर घेण्याआधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात विचारावे.

कायद्यापेक्षा गावाचा निर्णय अधिक परिणामकारक ठरल्याचे उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचे आहे. तेथे सिंचनासाठी बोअर घेण्यावर ग्रामस्थांनीच बंदी घातली आणि पावसाच्या हिशेबानुसार पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली जातात.

११. आमचा तालुका सरकारी यादीत ‘सुरक्षित’ आहे, तरी उन्हाळ्यात टँकर का येतो?

ही यादी वार्षिक उपसा आणि वार्षिक उपलब्धता यांचे गुणोत्तर सांगते. ७० टक्क्यांपर्यंत सुरक्षित, ७० ते ९० अंशतः शोषित, ९० ते १०० शोषित आणि १०० च्या वर अतिशोषित, अशी ही विभागणी आहे. डोंगराळ तालुक्यात पाणी उताराने वाहून जाते आणि उपसण्याइतके टिकतच नाही, त्यामुळे उपसा कमी आणि श्रेणी सुरक्षित राहते. शिवाय आकडा मोठ्या क्षेत्राच्या सरासरीचा असतो. त्यात नदीकाठचे गाव आणि माथ्यावरची वाडी एकत्र मोजली जाते. माथ्यावरच्या वाडीने हा आकडा आपला मानू नये.

१२. शिरपूरसारखे नाले खोल केले तर आमच्याही विहिरी भरतील का?

खालचा खडक कोणता आहे यावर हे अवलंबून आहे. धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्याच्या मोठ्या भागात तापीचा गाळ आहे आणि त्यात पाणी न झिरपू देणारे चिकणमातीचे थर आहेत. ते थर भेदून खालच्या वाळूपर्यंत पाणी पोहोचवणे तेथे भूशास्त्राला धरून होते. बेसॉल्टमध्ये मात्र नाल्याच्या तळाशी असलेला मुरूम हाच साठा असतो (प्रश्न २ पाहा). तो खणून काढला की पाणी मुरण्याची जागाच जाते, उलट दोन्ही काठांच्या शेतांतील भूजल त्या खोल चरात निथळून येते. नाल्यात पाणी उभे दिसते आणि काम यशस्वी झाल्यासारखे वाटते, पण ते पुष्कळदा विहिरींचेच पाणी असते. गाळ काढणे आणि मूळ खडक फोडणे यांतील सीमा पाळली गेलीच पाहिजे.

पाझर तलावाबाबतही हेच लागू आहे. घट्ट कातळावर बांधलेला पाझर तलाव पाणी साठवतो, पाझरत नाही. सलग समतल चर, माथ्यापासून पायथ्यापर्यंतची कामे आणि छोटे बंधारे यांचा क्रम भूवैज्ञानिक नकाशा पाहून ठरवावा.

१३. सोसायटीच्या छतावरचे पाणी थेट बोअरमध्ये सोडावे का?

गाळल्याशिवाय सोडू नये. पाणी मातीतून किंवा मुरुमातून झिरपताना जंतू आणि गाळ अडतात. बोअरमध्ये थेट सोडलेले पाणी ही चाळणी टाळून सरळ जलधरात जाते, आणि दूषित झालेली भेग स्वच्छ करणे जवळजवळ अशक्य असते. पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडावे, उरलेले वाळू आणि खडीच्या गाळणीतून न्यावे, आणि वाहनतळाचे किंवा रस्त्याचे पाणी कधीही बोअरमध्ये घेऊ नये. मुरूम जाड असेल तर शोषखड्डा बोअरपेक्षा सुरक्षित आहे.

१४. शेततळ्यामुळे भूजल वाढते का?

प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या तळ्यातून काहीही मुरत नाही. ते पावसाळ्यात वाहून जाणाऱ्या पाण्याने भरले तर उपयोगी आहे. बोअरच्या पाण्याने भरले, तर जमिनीखाली सुरक्षित असलेले पाणी आपण उन्हात आणून ठेवतो. आपल्या हवामानात उघड्या पाण्यावरून वर्षाकाठी दीड ते दोन मीटर पाण्याची वाफ होते. फळबाग वाचवण्यासाठी शेतकरी हे करतो, त्याची अडचण खरी आहे, परंतु सामायिक साठ्यातून आधी उपसून घेण्याची ही शर्यत आहे आणि ज्याच्याकडे तळे नाही त्याची विहीर आधी आटते.

१५. पाणी स्वच्छ दिसते; तरी तपासावे का?

होय, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. ही दोन्ही डोळ्यांना, जिभेला कळत नाहीत आणि उकळल्याने जात नाहीत. नायट्रेट खतांतून आणि सांडपाण्यातून येते. फ्लोराइड खडकातून येते; यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत त्याचा त्रास आहे आणि तेथे खोल बोअर उथळ विहिरीपेक्षा धोकादायक ठरू शकते. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा हा वेगळा प्रकार आहे. तेथे समुद्र नसूनही गाळातील भूजल खारे आहे. त्यामुळे तेथे पावसाचे पाणी वरच साठवणे हा भूजल उपसण्यापेक्षा शहाणपणाचा मार्ग आहे.

१६. कोकणात आणि गोव्यात एवढा पाऊस पडतो, तरी मे महिन्यात विहिरी का आटतात?

जांभा खडक पाणी भरभर आत घेतो आणि तितक्याच भरभर सोडतो. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या सपाट माथ्यावर, पडलेले पाणी जांभ्यातून झिरपून त्याखालच्या चिकणमातीवर येते आणि सड्याच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. उतार तीव्र आणि समुद्र जवळ असल्याने बहुतेक पाणी दिवाळीपर्यंत वाहून गेलेले असते. सड्यावरची खाण, सपाटीकरण किंवा बांधकाम यांचा परिणाम खालच्या वाडीच्या झऱ्यावर होतो, कारण त्या झऱ्याचे भरण्याचे ठिकाण वर सड्यावर असते.

किनाऱ्यावर आणखी एक धोका आहे. गोडे पाणी हलके असल्याने खाऱ्या पाण्यावर तरंगते, आणि समुद्रसपाटीच्या वर असलेल्या प्रत्येक १ मीटर गोड्या पाण्यामागे खाली सुमारे ४० मीटर गोडे पाणी टिकते. उपशाने पातळी १ मीटर उतरली तर खालून खारे पाणी ४० मीटर वर सरकू शकते. म्हणून किनाऱ्यालगत बोअर खोल करणे हा सर्वांत वाईट उपाय आहे.

१७. उपग्रहावरून आमच्या गावाचे भूजल कळू शकते का?

नाही. २००२ मध्ये सोडलेल्या ग्रेस या जोड उपग्रहांनी गुरुत्वाकर्षणातील सूक्ष्म बदल मोजून वायव्य भारतातील भूजलाची मोठी घट दाखवली, पण ती पद्धत लाखो चौरस किलोमीटरच्या प्रदेशासाठी आहे. गावासाठी अजूनही निरीक्षण विहीर आणि मोजपट्टी यांना पर्याय नाही. राज्यातील निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून ठरावीक महिन्यांत मोजली जाते. गावाने आपल्या चार-पाच विहिरींची नोंद दर महिन्याला ठेवली तर ती त्याहून उपयोगी ठरते.

१८. पाऊस नाही, उपसा बंद आहे, तरी बोअरची पातळी वरखाली होते. मोजण्यात चूक आहे का?

आधी दोन साध्या शक्यता तपासाव्यात: दूरवर कोणाचा पंप चालू आहे का (प्रश्न ९), आणि कालव्याला आवर्तन सुटले आहे का. दोन्ही नसतील, तर घट्ट थराखाली दाबलेल्या, म्हणजे बंदिस्त जलधरात असे बदल खरोखर होतात. हवेचा दाब वाढला की उघड्या बोअरमधील पातळी काही सेंटिमीटर उतरते आणि दाब कमी झाला की वर येते. चंद्र-सूर्याच्या ओढीने जमिनीचा खडकही किंचित ताणला जातो, त्यामुळे समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या बोअरमध्येही दिवसातून दोनदा बारीक चढउतार नोंदता येतात. उघड्या, उथळ विहिरीत हे परिणाम जवळजवळ दिसत नाहीत.

तिसरे कारण भूकंप. खडक दाबला किंवा ताणला गेल्याने पातळीत एकाएकी फरक पडतो. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात कोयना-वारणा परिसरात खास याच अभ्यासासाठी बोअर घेऊन त्यांत पातळी मोजणारी उपकरणे बसवली. भूकंपानंतर झऱ्याचे पाणी अचानक वाढले किंवा गढूळ झाले, तर भेगांतील जुना गाळ हलल्याने किंवा नवी वाट उघडल्याने तसे होऊ शकते. असे पाणी तपासून घेईपर्यंत पिऊ नये, आणि वाढलेला प्रवाह कायम राहील असे धरून नवे पीक घेऊ नये.